खारीची पाठ आणि मानपाड्याचं फिजिओथेरपी सेंटर

ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या आतल्या गल्लीत असलेल्या कुत्र्या-मांजरांच्या या सेंटरला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही ते पुढे लिहिलंय, आधी चार का ते सांगते. इथे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला हे लोक ठेवून घेत नाहीत. बाहेर बोर्डावर ‘ऑपरेशनशिवाय मणक्यावर उपचार’ असं ठळक लिहिलंय, पण आत बसलेल्या डॉक्टर मॅडम पहिल्याच तपासणीत बघतात की समोरच्या जनावराला तो बोर्ड लागू पडतो का. पडत नसेल तर तोंडावर सांगतात, सर्जनला स्वतः फोन लावतात आणि तपासणीचे पैसेही घेत नाहीत. मणक्याच्या दुखण्यात ही गोष्ट तिथल्या सगळ्या मशिनींपेक्षा मोलाची आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मी नौपाड्यात राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. खारी ही आमची सात वर्षांची डॅशहुंड, तांबूस रंगाची. दिवसभर माझ्या शिलाई मशिनच्या खाली पायट्याशेजारी पडून असते. उन्हाळ्यात एके सकाळी ती तिथून उठेना. पाठ कमानीसारखी वर, पोट दगडासारखं कडक, आणि उचलायला हात लावला तर किंचाळली. खारी कधीच किंचाळत नाही. संध्याकाळपर्यंत मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. चालताना उजवा पंजा उलटा पडायचा आणि नखं फरशीवर घासत जायची. त्या नखांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

त्या रात्री जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि ‘गॅस झालाय, उतरेल’ असं सांगितलं गेलं. खारी लगेच मोकळी झाली, दुसऱ्या दिवशी सोफ्यावर चढायला बघत होती, आणि त्यानंतर पुन्हा तेच, उलट जास्त. माझ्या भाचीनं मग या सेंटरचं नाव काढलं.

इथे पहिला प्रश्न आला, “काकू, याआधी काय दिलंय? कागद आहे का?” कागद होता. इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि दुखणं कमी करायची नेहमीची गोळी लगेच सुरू केली नाही. स्टेरॉइड अंगात असताना वर मेलोक्सिकॅमसारखी गोळी दिली तर कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, कधी आतड्याला भोकसुद्धा पडतं. मधले दिवस त्यांनी गॅबापेन्टिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधावर काढले. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना आधीची चिठ्ठी कोणी नेत नाही. आणि घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं आहे.

तपासणी बघण्यासारखी होती. रबरी चटईवर खारीला उभं करून मॅडम खाली मांडी घालून बसल्या. एकेक मागचा पंजा उलटा करून ठेवायचा आणि ती तो किती वेळात सरळ करते ते बघायचं. डावा तिनं सावकाश फिरवला. उजवा तसाच उलटा राहिला, जणू तो पाय तिचा नव्हताच. मग मणक्यांवरून बोटं दाबत मागे जाताना शेवटच्या बरगडीच्या जरा पुढे तिनं मान वळवली आणि ओठ चाटले. “इथेच,” मॅडम म्हणाल्या.

कुत्र्याला बरगड्यांचे १३ मणके आणि त्यामागे कमरेचे ७. छातीच्या वरच्या भागात उजव्या-डाव्या बरगड्यांना जोडणारी एक दोरी गादीच्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीच्या (डिस्कच्या) वरून, मज्जारज्जूच्या खालून आडवी जाते. ती गादीला वर फुटू देत नाही. शेवटच्या बरगड्यांपाशी ती दोरी नाही, आणि पाठीचं सगळं वाकणं-वळणं तिथेच होतं. म्हणून डॅशहुंडची गादी बहुतेक वेळा १२ व्या-१३ व्या मणक्यात नाहीतर १३ वा आणि कमरेचा पहिला यांच्यात फुटते. मला हे कोणी इतकं उलगडून आधी सांगितलं नव्हतं. मी कपडा बेतणारी बाई, ताण कुठे येतो आणि शिवण कुठे उसवते हे मला लगेच पटतं.

हे दुखणं दोन प्रकारचं असतं हेही तिथेच कळलं. स्वीडनच्या हान्सेन नावाच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये ही विभागणी केली, ती अजून चालते. पहिल्या प्रकारात गादीच्या आतला मऊसर गर वाळून चुन्यासारखा होतो आणि एक दिवस अचानक फुटून मज्जारज्जूवर जातो. डॅशहुंड, बीगल, शित्झू, ल्हासा, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज ही त्यातली मंडळी. दुसऱ्यात गादी हळूहळू फुगत जाते, तो मोठ्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचा. त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेला लॅब्राडोर त्यातला होता.

मी विचारलं, सोफ्यावर चढण्यानं झालं का हे? मॅडम म्हणाल्या, उडी हे निमित्त. आखूड पायांच्या या जातींमध्ये एका जीनची जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर असते, ती २०१७ मध्ये सापडली. तिच्यामुळे गादीतला गर पिल्लू वर्षाचं व्हायच्या आतच वाळायला लागतो. म्हणजे खारी आमच्याकडे आली तेव्हाच तिच्या पाठीत हे ठरलेलं होतं. हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा जरा सैल झाला. सोफा त्यांचा, लाड त्यांचे.

आता त्या पायऱ्या, म्हणजे ग्रेड, कारण सगळा निर्णय त्यांच्यावर आहे. पहिली: नुसतं दुखणं. दुसरी: पाय लटपटतात पण चालतं. तिसरी: पाय हलतात पण अंग पेलत नाहीत. चौथी: पाय अजिबात हलत नाहीत, तरी चिमटा कळतो. पाचवी: चिमटाही कळत नाही. खारी दुसरीत होती. पहिल्या-दुसऱ्यात विश्रांती आणि औषधानं पाचातली साधारण चार कुत्री सावरतात, मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना हे पुन्हा होतं. तिसरी-चौथी असेल तर ऑपरेशननं नव्वद टक्क्यांहून जास्त चालायला लागतात, नुसत्या विश्रांतीवर त्याहून बरीच कमी. पाचवीत ऑपरेशन करूनही निम्म्याहून थोडी जास्त, आणि न करता दहातलं एखादं. मॅडमनी हे आकडे मला कागदावर लिहून दिले. तो कागद माझ्या मापांच्या वहीत आहे.

चिमट्याबद्दल एक गोष्ट प्रत्येकानं समजून घ्यावी. बोटाला चिमटा काढल्यावर कुत्र्यानं पाय मागे ओढला म्हणजे त्याला कळलं असं नाही. पाय ओढणं मज्जारज्जू खालच्या खालीच करतो, त्याला डोक्याची गरज लागत नाही. त्यानं वळून बघितलं, ओरडलं, चावायला आलं, तर संवेदना मेंदूपर्यंत गेली. घरी बसून ‘पाय हलवतोय की’ म्हणत दिवस घालवणारी माणसं मी त्या बाकावर पाहिली आहेत आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं.

त्यातलंच एक बीगलचं कुटुंब. कळव्याहून आले होते, कुत्रा चादरीत गुंडाळलेला. बोर्ड वाचून आले होते, लेझर लावा म्हणत होते. मॅडमनी चिमटा घेऊन बघितलं आणि आमच्या सगळ्यांसमोर, शांतपणे पण एकही शब्द गुळमुळीत न ठेवता म्हणाल्या, “दादा, याला माझ्याकडे आज काहीही नाही. आज रात्री एमआरआय आणि ऑपरेशन, नाहीतर तासागणिक संधी जातेय.” त्या माणसानं ऑपरेशनशिवाय काही होत नाही का असं परत परत विचारलं. त्या परत परत तेच उत्तर देत राहिल्या, मध्येच फोन लावून सर्जनची वेळ घेतली, आणि पाचवीतल्या कुत्र्यांपैकी काहींमध्ये मज्जारज्जू वरपर्यंत विरघळत जातो आणि मग काहीच हातात राहत नाही, हेसुद्धा लपवलं नाही. गिऱ्हाईक दारातून परत पाठवायला धाडस लागतं. मी धंदा करते, मला माहीत आहे. तो बीगल ऑपरेशन होऊन महिन्याभरानं याच सेंटरला पाण्यातल्या व्यायामाला यायला लागला.

खारीचा एमआरआय आम्ही केला नाही. पाय चालत होते आणि ऑपरेशनचा विचार नव्हता, म्हणून मॅडमनीच थांबू म्हटलं. एक्स-रे काढला, त्यात दोन-तीन गाद्या पांढऱ्या दिसल्या. पण एक्स-रेत हाडं आणि चुना दिसतो, मज्जारज्जू दिसत नाही. त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर ‘काही नाही’ असं कोणी सांगितलं तर दुसरीकडे दाखवा.

आता उपचार. लोक ज्यासाठी येतात ते लेझर आधी घेते. काळा चष्मा खारीला, काळा चष्मा मला, आणि ते मशीन पाठीवर सतत फिरवत ठेवतात. एका जागी थांबवलं तर गडद केसांखालची कातडी तापते. खारीला ते ऊबदार वाटत असावं, पहिल्या खेपेनंतर ती स्वतःच चटईवर आडवी व्हायची. फायदा किती? हा प्रश्न मी सरळ विचारला. मॅडमनी सांगितलं की २०१२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ऑपरेशन झालेल्या ३६ कुत्र्यांवर अभ्यास झाला. लेझर मिळालेली कुत्री साधारण साडेतीन दिवसांत पायावर आली, न मिळालेली १४ दिवसांत. सगळे जाहिरातवाले हाच अभ्यास दाखवतात. पण २०१७ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी तसंच करून बघितलं तर फरक सापडला नाही. “दुखणं हलकं होतं असं मला दिसतं, म्हणून वापरते. पण यानं गादी जागेवर जाते असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, काकू.” ज्या मशिनीवर स्वतःचं दुकान चालतं तिच्याबद्दल इतकं खरं बोलणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

सुयांचं मला सुरुवातीला भय होतं. बारीक सुया पाठीच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या पायांत टोचून त्यांना वायरीनं हलका करंट देतात. खारी पहिल्या वेळी थरथरली, मग डोळे जड झाले. ब्राझीलमध्ये २०१० साली ४० कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळी दोन दिवसांहून जास्त काळ गंभीर लुळी पडलेली. त्यात करंटच्या सुया लावलेल्या १९ पैकी १५ सुधारली, नुसतं ऑपरेशन झालेल्या १० पैकी ४. आकडे डोळ्यांत भरतात. पण कुत्री इतकी थोडी, आणि ऑपरेशनही उशिरा झालेली, म्हणून ते वाचून कोणी ऑपरेशन टाळू नये, हे मॅडमनी त्याच वाक्यात जोडलं. खारीच्या बाबतीत मला जे दिसलं ते असं: सुयांच्या दिवशी रात्री ती न कण्हता झोपायची.

पण खरं सांगायचं तर, हे सगळं आठवड्यातून एक-दोन तासांचं. बाकीचा आठवडा पिंजऱ्याचा. कमीत कमी चार आठवडे, तेही दिवसरात्र. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिननं २०२२ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात हेच आहे: किमान चार आठवडे बंदिस्त विश्रांती, दुखण्यावर औषध, आणि स्टेरॉइड नेहमीचा उपाय म्हणून नाही. गादीच्या बाहेरचं वेष्टण फाटलेलं असतं, ते भरून यायला तेवढा वेळ लागतो. दुखणं मात्र आधीच थांबतं. गोची तिथेच होते. कुत्र्याला बरं वाटतं, ते उडी मारतं, आणि उरलेला गर बाहेर येतो.

या सेंटरचा पिंजऱ्याबद्दलचा सल्ला मला त्यांच्या सगळ्या सेवांपैकी सगळ्यात जास्त उपयोगी पडला. त्यांचा मदतनीस दादा आमच्या घरी आला. नौपाड्यातली जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यानं जिना बघितला, फरशी बघितली, मशिनखालची जागा बघितली. पिंजरा इतकाच मोठा, की तिला वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, पण दोन पावलांची धाव घेता येऊ नये. खाली जाड सतरंजी, वर जुनं धोतर घट्ट ताणून, म्हणजे नखं अडकत नाहीत. पाण्याचं भांडं उंचावर, मान वाकायला नको. आणि पिंजरा ठेवायचा तो माझ्या मशिनजवळच, आतल्या खोलीत नाही. “तिला एकटं टाकलंय असं वाटलं तर ती भुंकून उठेल, आणि भुंकताना पाठ ताणते,” दादा म्हणाला. तो काही डॉक्टर नाही, पण त्याला कुत्री कळतात.

खाली शू-शी करायला न्यायचं तर उचलूनच. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पाठ पाटासारखी आडवी. काखेत हात घालून लहान मुलासारखं उचललं तर मागचा सगळा भार पाठीवर लोंबकळतो. मी हे सोसायटीतल्या सगळ्या पोरांना शिकवलंय.

चालवताना पोटाखाली पट्टा लागतो. सेंटरमध्ये तयार पट्टे मिळतात, बाहेरून मागवलेले, महाग, आणि स्पष्ट सांगते, डॅशहुंडला ते नीट बसत नाहीत. रुंदी कमी पडते, त्यामुळे सगळा दाब पोटाच्या एका रेषेवर येतो आणि लघवीच्या पिशवीवर भार पडतो. मी घरी शिवला. बाहेरून जाड डक, आतून दोन पदरी सुती फ्लॅनेल, मध्ये पातळ फोम, जांघेपाशी गोल कापून त्याला बायस पट्टी, आणि हातात धरायला बॅगेची निवार. लांबी माझ्या उंचीच्या मापानं, म्हणजे मला वाकावं लागत नाही. मॅडमनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, अजून शिवून द्याल का? आता त्यांच्याकडे माझे पट्टे असतात, नगामागे कापडाचे आणि शिलाईचे पैसे मिळतात. हे लिहून ठेवते, म्हणजे माझा यात काही संबंध आहे हे वाचणाऱ्याला कळावं. चार ताऱ्यांचं मत मात्र त्याच्या आधीच झालं होतं.

पाण्यातला ट्रेडमिल तिसऱ्या टप्प्यात आला. लोक आल्या आल्या तोच मागतात, कारण व्हिडिओ त्याचेच असतात. इथे गादी भरून यायच्या आत पाण्यात उतरवत नाहीत, आणि ते योग्यच. काचेची पेटी, खाली फिरणारा पट्टा, कोमट पाणी खालून भरत येतं. पाणी घोट्यापर्यंत असताना कुत्र्याच्या पायांवर वजनाचा ९१ टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत आलं की जेमतेम ३८. म्हणजे जे पाय जमिनीवर अंग पेलत नाहीत ते पाण्यात पाऊल टाकतात. खारीनं पाण्यात उजवा पंजा सरळ टेकवलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी काचेला हात लावून उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दादानं पट्टा थांबवला नाही, नुसतं म्हणाला, “चालू दे, काकू, ती मोजतेय पावलं.”

ऑपरेशन आणि विश्रांती यांच्या मधले काही उपाय इथे मिळत नाहीत. बाकावर बसल्यावर त्यांची चर्चा होते, म्हणून जे कळलं ते थोडक्यात लिहिते. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, एकेका गादीत सुई घालतात आणि सुईतून लेझरची तार नेऊन आतला गर जाळून टाकतात. छेद नाही, सुईची भोकं फक्त. १९९२ ते २००१ मधल्या २७७ कुत्र्यांचा त्यांचा अहवाल आहे, पुन्हा त्रास झालेली साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पण हा प्रतिबंधक उपाय आहे. एकदा त्रास होऊन सावरलेल्या कुत्र्याच्या बाकीच्या गाद्यांसाठी. गर आधीच मज्जारज्जूवर जाऊन बसला असेल तर तो यानं निघत नाही. तो काढायला हाड कोरून वाट करावीच लागते.

दुसरा उपाय ऐकून मी चकित झाले, कारण तो पपईचा. मटण शिजत नसेल तर आपण कच्च्या पपईची फोड टाकतो, त्याच चिकातलं द्रव्य. १९५६ मध्ये लुईस थॉमस नावाच्या डॉक्टरांनी ते द्रव्य, म्हणजे पपेन, सशांना टोचलं तर त्यांचे ताठ कान लोंबायला लागले, कूर्चा मऊ पडली म्हणून, आणि काही दिवसांत पुन्हा उभे राहिले. त्यावरून पुढे सुचलं की चिकातलंच कायमोपपेन गादीत टोचलं तर गर विरघळेल. कुत्र्यांवर प्रयोग झाले, १९८२ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी परवानगी मिळाली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी आली, काही जणांच्या मज्जातंतूंना इजा झाली, आणि २००३ मध्ये ते औषध तिथल्या बाजारातून गेलं. जपानमध्ये २०१८ पासून वेगळं विकर (एन्झाइम) माणसांच्या गादीत टोचतात. हे सगळं ऐकून एक समजलं: ‘कमी चिरफाड’ म्हणजे आपोआप ‘कमी धोका’ असं नाही.

आता न आवडलेलं. दाराशी तीन पायऱ्या आणि उतार नाही. पाठीच्या रुग्णांच्या जागेला उतार नसावा हे मला समजत नाही. मी हे त्यांच्या तोंडावर बोललेय, मॅडम म्हणाल्या मालक परवानगी देत नाही. मग लाकडी फळी ठेवा, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वाट बघायची खोली एकच. मोठे कुत्रे, छोटे कुत्रे आणि एखादी मांजर एकत्र, आणि एक जर्मन शेफर्ड भुंकला की पिशवीतली खारी आक्रसते. वेळ दिलेली असते, पण पाण्याची पेटी एकच, आधीच्या कुत्र्यानं घाण केली तर रिकामी करून, धुऊन, भरेपर्यंत सगळ्यांची वेळ पुढे जाते. धुतात हे चांगलंच, पण मग दोन वेळांमध्ये अंतर ठेवा. बोर्डही बदलायला हवा. आत इतकं खरं बोलणाऱ्या माणसांनी बाहेर असं अर्धवट का लिहावं? कळव्याचं ते कुटुंब तो बोर्ड वाचूनच आधी इथे आलं, सर्जनकडे नाही.

पैसे. लेझर आणि सुया एका बैठकीत घेतल्या तर हजाराच्या वर जातात, पाण्याचा ट्रेडमिल त्याहून जास्त. एकदम पॅकेज घेतलं तर सवलत आहे, पण मॅडमनी आम्हाला पॅकेज घेऊ दिलं नाही, आधी दोन आठवडे बघू म्हणाल्या. माझ्यासारख्या शिलाईवर घर चालवणाऱ्या बाईला हा खर्च जड आहे. तरी ऑपरेशन आणि एमआरआयच्या मानानं कमी. मात्र खर्च कमी म्हणून हा मार्ग निवडू नका. कुत्रं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तरच हा मार्ग आहे.

जाण्या-येण्याचं. नौपाड्यातून तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी करत मानपाडा. अंतर फार नाही, पण घोडबंदर रोडचे खड्डे आणि मेट्रोच्या खांबांपाशी अरुंद झालेला रस्ता. पावसात तर रिक्षात प्रत्येक धक्का खारीच्या पाठीत बसतोय असं मला वाटायचं. मी प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये गोधडी दुमडून तिला त्यात ठेवते आणि क्रेट मांडीवर घेते. रिक्षावाल्याला आधीच सांगायचं, “दादा, पेशंट आहे, सावकाश.” बहुतेक जण ऐकतात. एकानं तर मीटरवर वरचे पैसे घेतले नाहीत, त्याच्याकडेही कुत्रा होता. सकाळी अकराच्या आधीची वेळ मागा, संध्याकाळी कापूरबावडीला अडकाल.

खारी आता चालते. उजवा पाय दमल्यावर किंचित बाहेर पडतो, फार लक्ष दिलं तर दिसतो. वजन उतरवलंय, बरगड्या हाताला लागतात. बिस्किटं बंद, त्याऐवजी काकडी आणि उकडलेला दुधी. घरभर फरशीवर रबरी पट्ट्या टाकल्यात, सोफ्याचे पाय ह्यांनी करवतीनं कापून तो बैठा केला. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस. हे पुन्हा होऊ शकतं हे आम्हाला सांगितलेलं आहे आणि आम्ही ते धरून चालतो. सर्जनचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, रात्री पाय गेले तर सकाळची वाट बघायची नाही असं ठरलंय.

जाणार असाल तर आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, इंजेक्शनचं नाव, एक्स-रेची मूळ फिल्म आणि कुत्रं चालतानाचा मागून काढलेला व्हिडिओ न्या. तिथे घाबरलं की ते वेगळंच चालतं, व्हिडिओत खरं दिसतं. फोन करताना ‘चालतंय का, शू स्वतः करतंय का’ एवढं पहिल्या वाक्यात सांगा. पाय पूर्ण गेले असतील किंवा शू अडकली असेल तर वेळ घेऊन थांबू नका. हेच सेंटर तुम्हाला फोनवर सर्जनकडे पाठवेल.